मांजराच्या कातडीवरची गाठ: आधी सुई, मग सुरी

मांजराला कुरवाळताना बोटाला वाटाण्याएवढी गाठ लागली की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, बोक्यांच्या मारामारीत चावलं असेल, बसेल आपोआप. दुसरा म्हणतो, डॉक्टरांकडे न्या आणि काढूनच टाका. दोन्ही सल्ले घाईचे आहेत. कुत्र्याच्या कातडीवरच्या बहुतेक गाठी निरुपद्रवी निघतात, मांजराचं मात्र उलटं आहे. मांजराच्या त्वचेच्या गाठींपैकी निम्म्या किंवा त्याहून जास्त गाठी कर्करोगाच्या असतात असं वेगवेगळ्या पाहण्यांतून दिसलं आहे. त्यामुळे ‘बघू महिनाभर’ हे धोरण मांजराच्या बाबतीत महागात पडतं, आणि गाठ कसली हे न कळता ती कापणं त्याहून महागात पडतं.

मांजराच्या त्वचेच्या गाठींमध्ये चार प्रकारांचा वाटा सुमारे ७० टक्के असतो: बेसल सेल ट्यूमर (त्वचेच्या तळच्या थरातल्या पेशींची गाठ), मास्ट सेल ट्यूमर (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशींची गाठ), स्क्वेमस सेल कार्सिनोमा (त्वचेच्या वरच्या थराचा कर्करोग) आणि फायब्रोसार्कोमा (कातडीखालच्या जोडणाऱ्या ऊतींचा कर्करोग, अशा कर्करोगांना सार्कोमा म्हणतात). उरलेल्या भागात मग क्वचित दिसणाऱ्या गाठींची लांबलचक रांग लागते: बोवेनॉइड कार्सिनोमा, मांजराचा सार्कॉइड, मर्केल सेल कार्सिनोमा, प्रोग्रेसिव्ह हिस्टिओसायटोसिस, त्वचेचा लिम्फोमा (लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा कर्करोग), कानाच्या नळीतल्या ग्रंथींचा कर्करोग, त्वचेचा मेलानोमा (रंगद्रव्याच्या पेशींचा कर्करोग). यातली काही नावं अनेक डॉक्टरांनी फक्त पुस्तकात वाचलेली असतात, त्यात त्यांचा दोष नाही. खरी अडचण अशी की या गाठी दिसायला दुसऱ्याच कशासारख्या तरी दिसतात. एखादी बुरशीसारखी, एखादी नखुरड्यासारखी, एखादी साध्या खपलीसारखी. मग दोन महिने त्या ‘दुसऱ्या’ आजाराचा इलाज चालतो. त्यात सूज उतरवण्यासाठी स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं गेलं असेल तर लिम्फोमा किंवा मास्ट सेलची गाठ तात्पुरती आक्रसते. घरचे खूश होतात, आणि पुढे तुकडा काढला तरी तपासणाऱ्याला नेमकं निदान करणं अवघड जातं. नमुना घेईपर्यंत स्टिरॉइड नको, एवढी एक गोष्ट मालकानेही डॉक्टरांना विचारून घ्यायला हरकत नाही.

घरी काय बघायचं

केस बाजूला सारून गाठीची लांबी-रुंदी प्लॅस्टिकच्या पट्टीने मोजा. दहा रुपयांचं नाणं शेजारी धरून फोटो काढा. त्याचा व्यास २७ मि.मी. असल्यामुळे फोटोवरूनही नंतर आकाराचा अंदाज येतो. तारीख लिहा. गाठ बोटांनी हळूच सरकवून बघा: ती कातडीबरोबर फिरते, की खाली स्नायूला घट्ट चिकटली आहे? शरीरावर आणखी कुठे आहे का? एवढं पुरे, दाबून पिळायचं नाही. मास्ट सेलच्या गाठीत हिस्टामिन या सूज आणणाऱ्या रसायनाने भरलेले कण असतात. ती चोळली की आजूबाजूची कातडी लाल होऊन सुजते आणि मोठी गाठ असेल तर उलट्या, रक्तदाब उतरणं इथपर्यंत मजल जाते. चुना, निवडुंगाचा चीक, बिब्बा यांपैकी काहीही लावू नका. मांजर ते चाटणारच, मग कातडीबरोबर तोंडही भाजतं. वर झालेल्या जखमेमुळे पुढची तपासणी बिघडते ती वेगळीच.

मारामारीतलं गळू ओळखायला सोपं असतं. चावल्यावर दोन-चार दिवसांत ते फुगतं, गरम लागतं, दुखतं, मांजराला ताप येतो. पू निघाला, औषध सुरू झालं की आठवडा-दहा दिवसांत जखम भरत येते. दोन-तीन आठवडे झाले तरी जखम ओलीच असेल, किंवा भरून पुन्हा पुन्हा फुटत असेल, तर ते नुसतं गळू धरून चालू नका. पावसाळ्यात अशा उघड्या जखमेत अळ्या पडतात. अळ्या काढल्या, जखम धुतली की सगळ्यांना हायसं वाटतं, पण जखम मुळात उघडी का राहिली हा प्रश्न तसाच राहतो. न भरणाऱ्या जखमेला हात लावताना हातमोजे घाला. स्पोरोट्रिकोसिससारखी बुरशी मांजराकडून माणसाला लागू शकते आणि ती दिसायला गाठीसारखीच असते. पर्शियन मांजरांत गजकर्णाची बुरशी कातडीखाली खोल जाऊन हुबेहूब ट्यूमरसारख्या गाठी करते, त्यामुळे पर्शियनच्या नमुन्यात बुरशी शोधायला मुद्दाम सांगावं.

भाटीच्या पोटाखाली, सडांच्या ओळीत गाठ लागली तर ती कातडीची नसून स्तनग्रंथीची असण्याची शक्यता जास्त. तिथल्या गाठींपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास कर्करोगाच्या असतात आणि २ सें.मी. व्हायच्या आत काढलेली गाठ आणि ३ सें.मी.च्या पुढे गेलेली गाठ यांच्या भवितव्यात मोठा फरक असतो. तिथे वाट बघायला वावच नाही.

सुईची तपासणी

पहिली पायरी स्वस्त आणि पाच मिनिटांची आहे, तरी तीच सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. २२ किंवा २३ गेजची साधी सुई लागते, बहुतेक मांजरांना भूलही लागत नाही. गाठ दोन बोटांत धरायची, सुई आत घालून दिशा बदलत पाच-सहा वेळा मागे-पुढे करायची आणि बाहेर काढायची. मग हवा भरलेली ५ मि.ली.ची सिरिंज सुईला जोडून आतला माल काचेच्या स्लाइडवर फुंकायचा, वर दुसरी स्लाइड ठेवून तिच्या स्वतःच्या वजनाने हलकेच सरकवायची. हवेत लगेच वाळवून लीशमन, जिम्सा किंवा फील्ड स्टेनने रंगवायची. तीन-चार जागांहून घ्यावं आणि एखादी स्लाइड न रंगवता प्रयोगशाळेसाठी ठेवावी.

यात बिघडतं ते असं. सिरिंजने जोरात ओढलं की रक्तच येतं. वरची स्लाइड दाबली की पेशी फुटून नुसते धागे दिसतात. आणि सगळ्यात खट्याळ चूक म्हणजे त्याच टेबलावर फॉर्मेलिनची (काढलेला तुकडा टिकवण्याच्या द्रावणाची) बाटली उघडी असणं. फॉर्मेलिनच्या वाफेने स्लाइड रंग नीट घेत नाही आणि चांगला नमुना वाया जातो. कुरियरनेसुद्धा स्लाइड आणि फॉर्मेलिनची बरणी एका खोक्यात पाठवू नये.

मास्ट सेल आणि लिम्फोमा सुईला भरपूर पेशी देतात, मास्ट सेलचे जांभळे कण तर पाहताक्षणी ओळखू येतात. सार्कोमाच्या लांबट पेशी मात्र एकमेकींना घट्ट धरून असतात, सुईला फारशा लागत नाहीत. स्क्वेमस सेल कार्सिनोमावर जंतुसंसर्ग चढलेला असतो, म्हणून सुईत नुसता पू दिसू शकतो. स्लाइड रिकामी किंवा नुसत्या पुवाची आली म्हणजे गाठ साधी आहे, असा अर्थ काढायचा नाही. त्यातून एवढंच कळतं की पुढची पायरी चढायला हवी.

बोट सुजलं तर छातीचा एक्स-रे

हा प्रकार दुर्मीळ आहे, पण चुकला तर मांजराला विनाकारण मोठी इजा होते, म्हणून वेगळा सांगतो. म्हातारं मांजर लंगडतं, एका बोटाचं टोक सुजलेलं, नख वाकडं झालेलं किंवा त्याच्या मुळातून रक्त येतंय. घरच्यांना आणि कित्येकदा डॉक्टरांनाही ते नखुरडं वाटतं. प्रतिजैविकं होतात, मलम होतं, शेवटी बोट कापायचं ठरतं. पण मांजराच्या फुप्फुसातला कर्करोग बोटांच्या हाडांत पसरतो ही या प्राण्याची खास खोड आहे, आणि अशा मांजरांपैकी अनेकांना खोकला नसतो, धापही लागत नाही. मूळ आजार छातीत आणि पहिलं लक्षण पंजात. एकापेक्षा जास्त बोटं, तीही वेगवेगळ्या पायांची सुजली असतील तर संशय आणखी पक्का. बोटाच्या एक्स-रेमध्ये नखाखालचं शेवटचं हाड खाल्ल्यासारखं दिसतं.

म्हणून बोट कापायच्या आधी छातीचे तीन एक्स-रे: उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर आणि उताणं. एका कुशीवर काढलेल्या फोटोत खालच्या बाजूचं फुप्फुस दबतं आणि त्यातली गाठ लपू शकते. छातीत गाठ सापडली तर बोट कापून काही साधत नाही. अशी मांजरं बहुतेकदा काही आठवड्यांचीच सोबती असतात, त्यांना वेदनाशामक औषध आणि घर हवं, ऑपरेशन टेबल नको.

तुकडा, बरणी आणि कुरियर

सुईने नाव कळलं नाही तर बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं. लहान, सुटी, कापायला सोप्या जागेवरची गाठ पूर्ण काढून पाठवली तरी चालते. मोठी, खाली चिकटलेली किंवा इंजेक्शनच्या जागेवरची असेल तर फक्त तुकडा काढायचा. ६ ते ८ मि.मी.चा पंच (गोल पात्याने काढलेला तुकडा) किंवा पाचरीसारखा काप पुरतो. काप अशा ठिकाणी घ्यावा की नंतरच्या मोठ्या ऑपरेशनमध्ये त्याचा व्रणही गाठीबरोबर निघून जाईल. व्रण आडवातिडवा गेला तर पुढे तेवढी जास्त कातडी काढावी लागते. फुटून जखम झालेल्या गाठीच्या मध्यभागी मेलेलं मांस असतं, म्हणून कडेचा जिवंत भाग घ्यावा. आणि खपल्यांचा आजार असेल (त्वचेचा लिम्फोमा, बोवेनॉइड) तर तिथली कातडी घासून, धुऊन ‘स्वच्छ’ करायची नाही. अनेकदा निदान त्या खपलीतच असतं. केस कात्रीने कापायचे, बाकी काही करायचं नाही, आणि तीन-चार वेगवेगळ्या जागांचे तुकडे घ्यायचे.

काढलेला तुकडा लगेच १० टक्के बफर्ड फॉर्मेलिनमध्ये जायला हवा. तुकड्याच्या दहापट फॉर्मेलिन हे प्रमाण. लिंबाएवढ्या गाठीला औषधाची छोटी बाटली पुरणार नाही. फॉर्मेलिन मांसात फार हळू शिरतं, म्हणून १ सें.मी.पेक्षा जाड गाठ असेल तर एका बाजूने चिरा द्याव्यात, पण पूर्ण तुकडे पाडू नयेत, नाहीतर कड कुठली हे कळत नाही. बरणी रुंद तोंडाची हवी. ताजं मांस मऊ असतं, ते अरुंद बाटलीत ढकललं जातं. फॉर्मेलिनमध्ये कडक झाल्यावर प्रयोगशाळेत ते बाहेर येत नाही आणि बाटली फोडावी लागते. कडांना शाई लावावी आणि दिशेसाठी टाके घालावेत, उदाहरणार्थ लांब धागा डोक्याकडे, आखूड धागा शेपटीकडे. नाव झाकणावर न लिहिता बरणीच्या अंगावर लिहावं, कारण झाकणं बदलतात.

आपल्या सोलापुरात सुई, रक्त, एक्स-रे, सोनोग्राफी ही कामं होऊ शकतात. पण जनावरांच्या ऊतींचा सराव असलेला पॅथॉलॉजिस्ट, कंट्रास्ट सीटी (शिरेतून रंगद्रव्य देऊन काढलेला सीटी स्कॅन) आणि मोठी शस्त्रक्रिया यांसाठी बहुतेकदा पुण्या-मुंबईकडे बघावं लागतं. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं मुंबईत परळला, शिरवळला, उदगीरला आणि परभणीला आहेत. तुमच्या डॉक्टरांनी आधी फोन करून कुठे काय उपलब्ध आहे ते विचारलं तर फेरा वाचतो. पुणं २५० कि.मी. दूर असलं तरी मांजराला तिथे नेण्याआधी नमुना एकटा जाऊन येऊ शकतो, तीच सोय आहे. एप्रिल-मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो, म्हणून लोक नमुना बर्फात ठेवायला जातात. तसं करू नये. फॉर्मेलिनमधल्या तुकड्याला बर्फ लागत नाही आणि गोठला तर पेशींत स्फटिक होऊन तो बिघडतो. उलट फॉर्मेलिनशिवाय सलाइनमध्ये ठेवलेला तुकडा त्या उन्हात काही तासांत सडायला लागतो. द्रव सांडण्याची भीती असेल तर २४ तास फॉर्मेलिनमध्ये मुरल्यावर तुकडा फॉर्मेलिनने ओल्या केलेल्या गॉजमध्ये गुंडाळून, दोन झिपच्या पिशव्यांत बंद करून पाठवता येतो.

बरणीबरोबरची चिठ्ठी अर्धं काम करते. ‘गाठ, तपासणीसाठी’ एवढ्या मजकुरावर पॅथॉलॉजिस्ट अंधारात चाचपडतो. वय, जात, नसबंदी झाली की नाही, गाठीची जागा, आकार, किती दिवसांत वाढली, एक की अनेक, स्टिरॉइड दिलं का, त्या जागी कधी लस किंवा इंजेक्शन झालं का, मांजर गोठ्यात जातं का, हे सगळं लिहावं. शेवटचा प्रश्न विचित्र वाटेल, पण त्याचं कारण पुढे येतं.

रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा: गाठीचा प्रकार, पेशींच्या विभाजनाचा वेग आणि कडा. ‘कडा स्वच्छ’ एवढ्यावर समाधान मानू नका, किती मिलिमीटर स्वच्छ ते विचारा. मास्ट सेलच्या गाठीत विभाजनाचा आकडा महत्त्वाचा: सूक्ष्मदर्शकाच्या १० मोठ्या क्षेत्रांत ५ पेक्षा जास्त विभाजनं दिसली आणि जोडीला गाठ १.५ सें.मी.पेक्षा मोठी असणं, केंद्रकं वेडीवाकडी असणं, केंद्रकाच्या आतलं केंद्रक ठळक दिसणं यांपैकी किमान दोन गोष्टी असल्या तर ती वरच्या दर्जाची, म्हणजे आक्रमक धरतात. दुर्मीळ गाठीत साध्या रंगाने निदान होत नाही तेव्हा इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री लागते. पेशीवरच्या विशिष्ट प्रथिनाला चिकटणारा रंग वापरून ती पेशी मुळात कोण हे ठरवतात: सीडी३ दिसलं तर टी लिम्फोसाइट, सीडी२० दिसलं तर बी, आयबीए१ दिसलं तर हिस्टिओसाइट (एक प्रकारची रोगप्रतिकारक पेशी), मेलान-ए दिसलं तर मेलानोमा, सायटोकेराटिन २० दिसलं तर मर्केल सेलचा विचार. याचा खर्च आणि वेळ वेगळा लागतो. पण ‘गोल पेशींची गाठ, प्रकार अनिश्चित’ असा रिपोर्ट हातात घेऊन केमोथेरपी सुरू करण्यापेक्षा हा खर्च केव्हाही बरा.

इंजेक्शनच्या जागेवरचा सार्कोमा

यावर थोडं थांबू, कारण क्रम चुकला तर सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. १९९१ च्या सुमारास अमेरिकेत लक्षात आलं की मांजरांत लस टोचलेल्या जागी सार्कोमा होतात. नंतर कळलं की दोष फक्त लसीचा नाही. लांब मुदतीची स्टिरॉइडं आणि प्रतिजैविकंही यात सापडली आहेत. त्या जागी राहणारी दीर्घकाळची सूज काही थोड्या मांजरांत पेशींना बिघडवते. प्रमाण फार कमी आहे: दहा हजार लसीकरणांमागे साधारण एक, काही पाहण्यांत त्याहूनही कमी. गाठ काही आठवड्यांत येऊ शकते किंवा काही वर्षांनी.

लशीनंतर छोटी गुठळी येणं नेहमीचं आहे, ती बसते. कधी घाबरायचं याचा नियम ३-२-१ असा आहे: लशीनंतर ३ महिने झाले तरी गाठ आहे, किंवा ती २ सें.मी.पेक्षा मोठी आहे, किंवा लशीला १ महिना उलटल्यावरही वाढतेच आहे. तिन्हीपैकी एक जरी लागू पडलं तरी तुकडा तपासायचा. तुकडाच, पूर्ण गाठ नाही. हा सार्कोमा शेतातल्या हरळीसारखा असतो: वर जेवढं दिसतं त्याच्या कितीतरी पुढे काड्या मातीत गेलेल्या असतात, आणि वरवर उपटली की दुप्पट जोमाने येते. कंट्रास्ट सीटीमध्ये या गाठीचं आकारमान हाताला लागतं त्याच्या सुमारे दुप्पट दिसतं. म्हणून कापताना गाठीच्या चारी बाजूंनी ३ ते ५ सें.मी. निरोगी भाग आणि खाली स्नायू-आवरणाचे दोन थर घ्यावे लागतात. दोन खांद्यांच्या मधे गाठ असेल तर मणक्यांची टोकं आणि खांद्याच्या हाडाचा वरचा भागही जातो. ५ सें.मी. कड घेऊन केलेल्या ९१ मांजरांच्या अभ्यासात त्याच जागी पुन्हा येण्याचं प्रमाण १४ टक्के होतं. त्याआधीच्या, २००० सालच्या एका अभ्यासात साध्या दवाखान्यात काढलेली गाठ मध्यमानाने ६६ दिवसांत परतली, विशेष केंद्रात काढलेली २७४ दिवसांत. पहिलं ऑपरेशन हीच खरी संधी असते. दुसऱ्या वेळी काड्या कुठवर गेल्या आहेत हे कोणालाच कळत नाही.

ऑपरेशनच्या जोडीला किरणोपचार हा जगभरातला मान्य मार्ग आहे. आपल्याकडे जनावरांसाठी ती सोय अपवादानेच मिळते, त्यामुळे इथे ऑपरेशनवरच सगळी भिस्त. अशा सार्कोमांपैकी १० ते २५ टक्के शरीरात इतरत्र, मुख्यतः फुप्फुसात पसरतात, म्हणून आधी छातीचे एक्स-रे.

याच कारणासाठी मांजराला लस खांद्यांच्या मधे न देता पायाच्या खालच्या भागात किंवा शेपटीत द्यावी असा सल्ला आहे. तिथे गाठ आलीच तर पाय किंवा शेपूट कापून जीव वाचतो, पाठ कापता येत नाही. जागा कार्डावर लिहून घ्या. रेबीजची लस मात्र या भीतीपोटी बंद करायची नाही. आपल्याकडे रेबीज हा घराबाहेर पडलेल्या प्रत्येक मांजरासमोरचा खराखुरा धोका आहे आणि त्यापुढे हजारोंत एकीला होणारी गाठ फार लहान गोष्ट ठरते.

विषाणूंच्या गाठी आणि बाकीची मंडळी

बोवेनॉइड कार्सिनोमा बहुधा दहा वर्षांपुढच्या मांजरात दिसतो. डोकं, मान, खांदे, पाय यांवर काळपट, खडबडीत, खपली धरलेले चट्टे येतात. खपली ओढली की केसांसकट निघते. उन्हाचा याच्याशी संबंध नाही, दाट केसांखालीही होतो. मांजराचा पॅपिलोमाव्हायरस (चामखीळ करणाऱ्या विषाणूंच्या गटातला) प्रकार २ हा त्यामागचा मुख्य संशयित. एखादा चट्टा कापून किंवा गोठवून काढता येतो, पण नवे येत राहतात. इमिक्विमोड ५ टक्के मलम काही मांजरांत उपयोगी पडतं. डॉक्टर सांगतील तेवढ्याच वेळा, हातमोजे घालून, आणि गळ्यात शंकूसारखी कॉलर घालूनच ते लावायचं, कारण चाटलं तर उलट्या होतात, यकृताचे आकडे चढतात. मर्केल सेल कार्सिनोमातही हाच विषाणू सापडतो, पण ती गाठ झपाट्याने वाढते आणि पसरते. तिथे गाठीबरोबर जवळची लसिकाग्रंथीही तपासावी लागते.

सार्कॉइडचं कारण मात्र गायीकडून येतं. गोवंशाचा पॅपिलोमाव्हायरस प्रकार १४ मांजराच्या जखमेतून शिरला की नाक, ओठ, कान, बोटं इथे टणक गाठी येतात. ज्या देशांत त्याची नोंद झाली तिथे तो प्रामुख्याने गायींच्या सहवासातल्या, तरुण, खेड्यातल्या मांजरांत दिसला. दुधाच्या आशेने गोठ्यात मुक्काम ठोकणारी मांजरं सोलापूरच्या आसपास कमी नाहीत, म्हणून चिठ्ठीत गोठ्याचा उल्लेख हवा. पक्कं निदान पीसीआरने, म्हणजे विषाणूचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीने होतं. ही गाठ सहसा पसरत नाही, पण अपुरी काढली तर परत येते. घरातल्या दुसऱ्या मांजराला ती लागत नाही. मांजरात या विषाणूची नवी पिढी तयारच होत नाही.

हिस्टिओसायटोसिसमध्ये डोक्यावर आणि पायांवर न दुखणाऱ्या, न खाजणाऱ्या गाठी हळूहळू वाढतात, वर्षानुवर्षं कातडीतच राहतात आणि मग आत जातात. त्यावर खात्रीचा इलाज नाही. त्वचेचा लिम्फोमा म्हाताऱ्या मांजरात लालसर, खपल्यांच्या चट्ट्यांनी सुरू होतो आणि महिनोन्‌महिने ‘ॲलर्जी’ म्हणून खपून जातो. प्रेडनिसोलोन, क्लोरॅम्ब्युसिल, लोमस्टिन ही औषधं वापरतात, आराम मिळतो, बरं होणं दुर्मीळ. मास्ट सेलची एकटी गाठ डोक्या-मानेवर असेल तर साध्या शस्त्रक्रियेने बहुतेकदा सुटते. अनेक गाठी असतील तर सोनोग्राफीत प्लीहा बघावीच.

पांढरं मांजर आणि सोलापूरचं ऊन

स्क्वेमस सेल कार्सिनोमा दुर्मीळ नाही, तरी त्याच्याबद्दल न बोलता पुढे जाणं इथल्या वाचकावर अन्याय होईल. पांढऱ्या मांजरात तो इतर रंगांच्या मांजरांपेक्षा सुमारे १३ पट जास्त आढळल्याची नोंद आहे. कानाचं टोक, नाकाचा शेंडा, पापणी, म्हणजे केस विरळ आणि कातडी गुलाबी अशा जागा. आधी कानाची कड लाल, मग खपली, मग खपलीखाली न भरणारी जखम, मग कान कुरतडल्यासारखा. मे महिन्याच्या भर दुपारी मांजर स्वतःच पलंगाखाली शिरतं. घात होतो तो हिवाळ्यात आणि सकाळी, पत्र्यावर किंवा गच्चीच्या कठड्यावर तासन्‌तास ऊन खात पसरण्याने. वर्षानुवर्षांचं ऊन साचतं. १० ते ४ मांजर घरात ठेवणं हा सगळ्यात परिणामकारक उपाय. माणसांचं सनस्क्रीन लावू नका, त्यातलं झिंक आणि सॅलिसिलेट चाटून विषबाधा होते. लवकर आलेल्या मांजराचा बाहेरचा कान पूर्ण काढला तर निकाल चांगला लागतो. दिसायला मांजर जरा बावळट दिसतं, त्याला स्वतःला त्याचं काही वाटत नाही.

जीव घेणारी औषधं

माणसांच्या त्वचेच्या कर्करोगासाठी ५-फ्लुरोयुरासिलचं मलम मिळतं. मांजराला ते लावलं तर मेंदूवर परिणाम होऊन झटके येतात आणि मांजर दगावतं. सिस्प्लॅटिन कुत्र्यांना देतात, मांजरात फुप्फुसात पाणी भरून मृत्यू होतो. दुखतं म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच नाही: ५०० मि.ग्रॅ.ची एक गोळी मांजराच्या जिवावर बेतते. ‘कातडीचा आजार’ समजून कुत्र्याचं परमेथ्रिन असलेलं गोचिडांचं औषध लावणं हीही तशीच चूक. डॉक्सोरुबिसिन मांजरात चालतं, पण मूत्रपिंडाला जड जातं, म्हणून प्रत्येक डोसाआधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी). केमोथेरपीच्या दिवसांत मातीची पेटी साफ करताना हातमोजे घाला, गर्भवती बाईने ते काम करू नये.

ऑपरेशननंतर

कॉलर १० ते १४ दिवस, टाके निघेपर्यंत. केविलवाणं बघतं म्हणून काढलेली कॉलर रात्रीत टाके उसवून देते. खाण्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं, विशेषतः लठ्ठ मांजर, तर चरबी यकृतात साचून त्याला कावीळ होते आणि मूळ आजारापेक्षा तीच लवकर नेते. खाणं कोमट करून द्या, वास आला की खातं. एक दिवस पूर्ण उपाशी गेला तर दुसऱ्या दिवशी फोन करा, गरज पडली तर काही दिवसांसाठी नळी घालून भरवता येतं.

पहिले तीन महिने दर महिन्याला व्रण बोटांनी चाचपून बघायचा, जवळच्या ग्रंथी बघायच्या. सार्कोमा किंवा आक्रमक गाठ असेल तर पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी छातीचा एक्स-रे. आणि काढलेली प्रत्येक गोष्ट, कितीही साधी दिसली तरी, बरणीत जायला हवी. पॅथॉलॉजीचे पैसे वाचवायला फेकून दिलेली गाठ सहा महिन्यांनी त्याच जागी परत आली, तर ती काय होती हे सांगायला कोणीच नसतं, आणि दुसरं ऑपरेशन किती मोठं करायचं याचा अंदाज डॉक्टरांना नव्याने, आणखी कमी जागेत, बांधावा लागतो.